उतरलेले तेल आणि न उतरणारा भाव

गोष्ट २०२५ सालच्या एप्रिल महिन्यातली आहे. आमच्या गल्लीत निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. रोज सकाळी पेपर हातात घेऊन ते कट्ट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक तरी प्रश्न विचारतात. त्या दिवशी मी मोटारसायकल बाहेर काढत होतो, तर त्यांनी हाक मारली, "काय गा, तू बँकेत हाईस न्हवं? मग मला सांग, जगात तेल साठ डॉलरवर आलंय म्हणून इथं लिवलंय. चार वर्षांत येवढं स्वस्त झालं न्हवतं म्हणे. मग माझ्या स्कूटरला का म्हाग?"

बँकेला उशीर होत होता म्हणून "संध्याकाळी सांगतो" म्हणून मी निघालो. वाटेत पंपावर थांबलो, पेट्रोल भरले, पैसे दिले. आकडा कालचाच आणि परवाचाच होता. गुरुजींचा प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला मला संध्याकाळच काय, पुढचे कितीतरी रविवार लागले. ते उत्तर या अंकातून सर्वांपुढे ठेवतो आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालेला, वीस वर्षे जमा-नावे लिहिणारा कारकून आहे. त्यामुळे हा लेख म्हणजे एका कारकुनाने मांडलेला ताळेबंद, एवढेच समजावे.

हिशेब एका लिटरचा

आधी मोठे आकडे लहान करून घेऊ. कच्चे तेल पिंपावर विकले जाते. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये डॉलर साधारण ८५-८६ रुपयांच्या घरात होता. पिंपामागे १० डॉलर उतरले म्हणजे ८५० रुपये उतरले. त्याला १५९ ने भागा. लिटरमागे सव्वापाच ते साडेपाच रुपये येतात. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तेल ७५ डॉलरच्या आसपासून ६० च्या आसपास आले होते. म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे आठ रुपयांची उतरण. भाव थोडे दिवसच तळाला होते, कंपन्यांचा माल आधी घेतलेला असतो, हे सगळे खरे. तरी आठातले दोन रुपये जरी खाली आले असते तरी गुरुजींनी प्रश्न विचारला नसता.

प्रत्यक्षात काय झाले? ८ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने पेट्रोल आणि डिझेल या दोन्हींवरचा अबकारी कर लिटरमागे दोन रुपयांनी वाढवला. पेट्रोलवर तो १३ रुपये झाला, डिझेलवर १०. पंपावरचा भाव वाढला नाही. कारण तेल स्वस्त झाल्यामुळे जी जागा रिकामी झाली होती, तिथे हा कर जाऊन बसला. त्याच दिवशी घरगुती गॅसचा सिलिंडर मात्र ५० रुपयांनी महागला. आणि त्याच्या आठवडाभर आधी, १ एप्रिलला, आपल्या कर्नाटक सरकारने डिझेलवरचा विक्रीकर १८.४ टक्क्यांवरून २१.१७ टक्क्यांवर नेला होता. त्यामुळे डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी चढले. जगात तेल उतरत असताना इथे डिझेल महाग होते आहे, हे ऐकून गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

आता माझा हिशेब सांगतो. माझी शाखा शहरापासून २५ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर, म्हणजे रोज एक लिटर. रविवारची घरची कामे धरून महिन्याला २५ लिटर पेट्रोल मला लागते. त्या एप्रिलनंतर १०३ रुपयांच्या आसपास असलेल्या लिटरमध्ये केंद्राचे १३ आणि राज्याचा २९.८४ टक्क्यांचा विक्रीकर धरला, तर कराचे ३६ रुपयांच्या आसपास होतात. २५ लिटरवर महिन्याला ९०० रुपये, वर्षाला दहा हजारांच्या वर. हा कर माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर कधी दिसत नाही. प्राप्तिकर कापला की आम्ही कर्मचारी चहाच्या वेळेला तासभर बोलतो. हा मात्र रोज एक लिटरच्या पावलाने येतो आणि निघून जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्राप्तिकर उत्पन्नाप्रमाणे असतो. पेट्रोलचा कर तसा नसतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत पाळीला जाणारा कामगार, वडगावचा विणकर, उचगावहून दूध घेऊन येणारा गवळी आणि एखाद्या कारखान्याचा मालक, चौघांनाही एका लिटरला तेवढाच कर. मालकाला तो जाणवत नाही. गवळ्याला तो दुधातून काढता येत नाही.

उतरण जाते कुठे?

हे काही एका एप्रिलमध्ये घडले असे नाही. मागची वीस वर्षे पाहिली तर कच्चे तेल तीनदा मोठे कोसळले.

पहिल्यांदा २००८ मध्ये. त्या जुलैत तेल १४७ डॉलरवर गेले आणि डिसेंबरपर्यंत ४० च्या खाली आले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. डिसेंबर २००८ आणि जानेवारी २००९ अशा दोन टप्प्यांत पेट्रोल पाच-पाच आणि डिझेल दोन-दोन रुपयांनी खाली आले. उतरण लोकांपर्यंत पोहोचली खरी, पण तिचीही एक मागची बाजू होती. तेल चढत असताना भाव दाबून धरले होते आणि त्या तोट्यापोटी कंपन्यांना सरकारने रोखे लिहून दिले होते. म्हणजे वरच्या भावाची उधारी पुढच्यांच्या नावावर टाकली होती. शिवाय २००९ ची लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हेही विसरू नये.

दुसऱ्यांदा २०१४ ते २०१६ मध्ये. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते. आता बाजारात भाव चढला तर चढेल, उतरला तर उतरेल, असे आपल्याला सांगण्यात आले. मे २०१४ मध्ये भारत घेत असलेले तेल १०५ डॉलरच्या पुढे होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आले. म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या आसपास. दिल्लीत पेट्रोल मात्र ७१ रुपयांवरून ५९ वर आले. सहावा हिस्सा कमी झाला, एवढेच. कारण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने नऊ वेळा अबकारी कर वाढवला. मिळून पेट्रोलवर ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. २०१४-१५ मध्ये या मालावरच्या अबकारी कराचे सुमारे ९९ हजार कोटी जमा झाले होते. २०१६-१७ मध्ये सुमारे २ लाख ४२ हजार कोटी झाले.

तिसऱ्यांदा २०२० मध्ये. टाळेबंदी होती. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायदेबाजारात तेलाचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे ५ मेच्या रात्री केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर एका फटक्यात वाढवला. पेट्रोलवरचा केंद्राचा कर ३३ रुपयांच्या जवळ गेला. पुढे जूनमध्ये तीन आठवडे जवळजवळ रोज भाव चढत गेले. त्या वर्षी रस्ते ओस होते, गाड्या दारात उभ्या होत्या. तरी २०२०-२१ मध्ये केंद्राच्या तिजोरीत इंधनाच्या अबकारी कराचे सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी आले.

या तीन प्रसंगांतून कोणत्याही कारकुनाला दिसेल ते असे: चढणीचा खर्च आपल्या नावे पडतो आणि उतरणीचे उत्पन्न तिजोरीत जमा होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार. कोंबडी स्वस्त झाली की मसाला महागतो आणि ताटाचे पैसे तेवढेच राहतात.

राज्य सरकारांचे गणित थोडे निराळे. ती टक्क्यांनी कर घेतात. भाव चढला की त्यांचा कर काही न करता चढतो, कोणाला जाहीर करावे लागत नाही. भाव उतरला की उत्पन्न घटते, आणि मग टक्केवारी वाढवली जाते. शिवाय केंद्राने वाढवलेला बराचसा कर उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाने असतो आणि तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. २०२१ मध्ये पेट्रोलवरच्या ३२ रुपये ९० पैशांत राज्यांशी वाटून घेण्याचा मूळ अबकारी कर फक्त १ रुपया ४० पैसे होता. मग राज्ये म्हणतात, आम्ही काय करणार? दोघांचे भांडण चालते आणि वाहनवाला मध्ये उभा असतो.

पिंपापेक्षा पेटी मोठी

भाव मोकळे आहेत, रोज बदलतात असे सांगतात. जून २०१७ पासून तशी पद्धतही आली. पण आपण कर्नाटकातल्या माणसांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १२ मे २०१८ ला विधानसभेचे मतदान होते. त्याआधी १९ दिवस भाव एक पैसाही हलला नाही. बाहेर तेल चढत होते, तरी नाही. मतदान झाले आणि १४ मेपासून भाव चढू लागले. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात गोवा, उत्तर प्रदेश, पंजाब वगैरे राज्यांच्या निवडणुका झाल्या. तेव्हाही १३७ दिवस भाव गोठला होता. निकालानंतर २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये वाढले.

त्यापुढचा प्रसंग तर अगदी बोलका आहे. १५ मार्च २०२४ ला पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी स्वस्त झाले. दुसऱ्याच दिवशी लोकसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. ४ जूनला निकाल लागला. आणि १५ जूनला कर्नाटक सरकारने विक्रीकर वाढवला. पेट्रोलला तीन आणि डिझेललाही तीन रुपयांच्या आसपास. एकाने दोन दिले, दुसऱ्याने तीन नेले. दिल्लीत एका पक्षाचे राज्य, बेंगळुरूत दुसऱ्या पक्षाचे. दोघे एकमेकांविरुद्ध मोर्चे काढतात. खिसा मात्र आपला एकच.

यात कोणत्याही एका पक्षाला धारेवर धरण्याचा हेतू नाही. २००९ पूर्वीचे, त्यानंतरचे, इथले, तिथले, सगळ्यांनी हेच केले आहे. म्हणूनच हा प्रश्न पक्षाचा नाही, पद्धतीचा आहे.

तीन राज्यांच्या सांध्यावर

आपण बेळगावकर एका बाबतीत वेगळे आहोत. चार-चार, पाच-पाच पिढ्या आपली घरे इथे आहेत, पण लेकी दिल्या कोल्हापूर-चंदगडला आणि सुना आणल्या गोव्याहून. लग्न, बारसे, बारावा-तेरावा, जत्रा, सगळ्याला गाडी काढावी लागते आणि तासा-दोन तासांत राज्य बदलते. एका दिवसात तीन सरकारांचे पेट्रोल भरायची सोय देशात फार थोड्या गावांना असेल. ही आपली गंमतही आहे आणि शाळाही.

२०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात सत्तेवर आल्यावर पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. लिटरमागे सुमारे ११ रुपये एकदम कमी झाले आणि भाव ५५ च्या आसपास आला. चोर्ला घाटातून परतताना आपले लोक गोव्याच्या हद्दीतच टाकी गच्च भरून घाट चढायचे, आठवते ना? पुढे तिथेही कर हळूहळू परत आला. पण एक गोष्ट सिद्ध झाली. ठरवले तर होते.

दुसरी गोष्ट २०२१ च्या दिवाळीतली. केंद्राने पेट्रोल पाच आणि डिझेल दहा रुपयांनी कमी केले. कर्नाटकाने त्यावर आणखी सात-सात रुपये कमी केले. महाराष्ट्राने त्या वेळी काही कमी केले नाही. मग चंदगडचे पाहुणे शिनोळी ओलांडून आपल्याकडे टाकी भरायला येऊ लागले आणि कागलकडच्या गाड्या निपाणीच्या बाजूला. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानेही पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरवले, तेव्हा गर्दी थोडी ओसरली. त्या आठ महिन्यांत सीमेपलीकडच्या पंपवाल्यांचा धंदा बसला, तो त्यांचा काही गुन्हा नसताना.

याच रस्त्यांनी आपल्या बाजारातली भाजी रोज गोव्याला जाते. डिझेल वाढले की टेंपोवाला भाडे वाढवतो. शेतकऱ्याला दर कमी पडतो आणि पणजीतल्या गृहिणीला भाजी महाग पडते. डिझेल उतरले तर? टेंपोवाला म्हणतो, थांबा, आठ दिवसांनी परत चढेल. त्याला दोष देता येत नाही. भाव कोणत्या नियमाने हलतो हेच त्याला ठाऊक नसेल, तर तो भाडे कशाच्या जोरावर उतरवणार? रिक्षाचे आणि एसटीचे तेच. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. डिझेल उतरले म्हणून बसचे भाडे उतरल्याचे माझ्या तरी आठवणीत नाही.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे सांगावे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ आणि डिझेल ४१ रुपये होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक. घरात पहिली मोटार घ्यायची होती. मी बी.कॉम., आकडेमोड करण्यात पटाईत. डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग होती, पण वहीत हिशेब मांडला आणि पाच वर्षांत फरक वसूल होतो असे बायकोला पटवून दिले. ती म्हणाली होती, "सरकारनं उद्या डिझेल म्हाग केलं तर?" मी हसलो होतो.

जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा ५० पैशांच्या आसपास वाढू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते मोकळे झाले. फरक दहा-पंधरा रुपयांवर आला. माझी धाव वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरची. पाच वर्षांचे आठ वर्षांच्या वर गेले. वर दुरुस्तीचा खर्च जास्त, तो वेगळाच. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. कर्जाचा हप्ता मात्र जसाच्या तसा राहिला, कारण हप्त्याला डिझेलच्या भावाशी काही देणेघेणे नसते.

कर्जाच्या टेबलावर मी असे कितीतरी हिशेब पाहिले आहेत. पेट्रोल साठ रुपये असताना मोठी गाडी घेतलेले लोक २०२१ मध्ये शंभरी ओलांडल्यावर हप्ता भरायला आले की आधी वाहनाचे बोलायचे, मग मुलांच्या फीचे. म्हणून तरुण वाचकांना सांगणे एवढेच की, स्वस्ताईच्या भरवशावर लांबचे कर्ज काढू नका. गाडी घेताना आजच्या भावाने हिशेब मांडू नका, वीस-पंचवीस रुपये जास्त धरून मांडा. तरीही परवडली तर घ्या. आणि खरोखरच कधी पेट्रोल पाच रुपयांनी उतरले तर महिन्याचे सव्वाशे रुपये पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत टाका. चढेल तेव्हा तेच उपयोगी पडतील. सरकार जे करत नाही, ते निदान आपण घरात करावे.

दुसरी बाजू

आता तिजोरीची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. एकांगी लिहिणे बँकेतल्या माणसाला शोभत नाही.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्यानंतर राज्यांच्या हातात स्वतःचे मोठे कर म्हणून इंधन, दारू, मुद्रांक, वाहनकर एवढेच काय ते राहिले. रस्ते, दवाखाने, शाळा, पगार यांचा पैसा कुठून तरी यायलाच हवा. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. आपल्याही घरातल्या लेकी-सुना त्याने कामाला, कॉलेजला, माहेरी गेल्या. त्याचा खर्च आकाशातून पडत नाही.

तेल कंपन्यांचेही तसेच. २०२२ मध्ये युद्धामुळे तेल भडकले तेव्हा त्यांनी भाव गोठवून तोटा सोसला. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही सरकारी कंपन्या मिळून तोट्यात होत्या. हे खरेच आहे. पण पुढचे पानही उलटून पाहा. २०२३-२४ मध्ये त्याच तिघींना मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा झाला. तोटा भरून निघाला, नफा साठला आणि आपल्या वाट्याला आले मार्च २०२४ चे दोन रुपये.

शिवाय आपल्या देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळाले तर आपण गल्लीच्या टोकालाही गाडीच काढू. तेव्हा इंधनावर करच नको असे मी म्हणत नाही. कर हवा. पण तो किती, कधी आणि कशासाठी, हे आधी सांगितलेले हवे.

आपण काय मागावे

आजवर आपण एकच मागणी करत आलो, भाव कमी करा. ही मागणी मंत्र्यांना फार सोयीची असते. निवडणूक आली की दोन रुपये कमी करून ती पूर्ण करता येते आणि निकालानंतर परत घेता येते. आपण उपकाराखाली राहतो. माझ्या मते आता कृपा मागू नये, नियम मागावा. तो तीन कलमांत बसतो.

पहिले, प्रत्येक पंपावर भावाच्या फळ्याखालीच फोड लिहावी. लिटरमध्ये तेलाचे किती, कंपनीचे किती, केंद्राचे किती, राज्याचे किती, पंपवाल्याचे कमिशन किती. किराणा दुकानाच्या पावतीवर जीएसटी लिहिलेला असतो, मग पंपावर का नसावा? हे करायला पैसा लागत नाही. रंगाचा एक डबा लागतो.

दुसरे, उतरणीची वाटणी आधी ठरवावी. कच्चे तेल ठरावीक डॉलरने उतरले तर निम्मी उतरण पंपावर आपोआप यावी आणि निम्मी वेगळ्या खात्यात साठावी. तेल भडकेल तेव्हा त्याच खात्यातून भाव आवरावा. ही काही नवी कल्पना नाही. २००२ पर्यंत आपल्याकडे तेलाचे सामायिक खाते होतेच. त्यात दोष होते, थकबाकी साठायची. म्हणून नवे खाते कायद्याने बांधावे आणि त्याचा जमाखर्च दर तिमाहीला जाहीर करावा.

तिसरे, निवडणुकीच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने इंधनाच्या करात हात घालू नये. बाजाराने भाव हलायचा तो हलू दे. सरकारने हलवू नये.

पेट्रोल जीएसटीत आणा असेही बरेच जण म्हणतात. तसे झाले तर शिनोळीचा आणि बेळगावचा भाव एक होईल, हे आपल्याला आवडेल. पण सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत राज्यांनी ते नाकारले आणि त्यांची अडचण वर सांगितलीच आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर वरच्या तीन गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही.

ही निवेदने आपल्या मंडळाने द्यावीत, असे मी सुचवतो. केंद्राकडे खासदारांमार्फत, राज्याकडे आमदारांमार्फत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. आणि एक धीट सूचना करतो. आपल्या भाषेच्या हक्कासाठी आपण पिढ्यानपिढ्या उभे आहोत आणि राहू. पण या प्रश्नात शेजारचा कानडी भाषक भाऊ आपल्याबरोबरच रांगेत उभा आहे. पंपावरचे यंत्र त्याला एक रुपया कमी लावत नाही. निवेदन मराठीत लिहावे, त्यांनी कन्नडमध्ये लिहावे आणि दोन्ही एका दिवशी, एका टेबलावर ठेवावीत. ज्या कार्यालयात दोन भाषांतला एकच हिशेब एकाच वेळी पोहोचतो, तिथे तो बाजूला सारणे कठीण जाते.

उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांना भाव कमी करणार का, असे विचारू नका. तेल उतरेल तेव्हा त्यातला किती भाग आमच्यापर्यंत आणणार आणि ते कागदावर लिहून देणार का, असे विचारा. उत्तर नाही आले तरी प्रश्न त्यांच्या लक्षात राहील.

हे सगळे एका रविवारी गुरुजींना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, मग विचारले, "म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर काय लिहू? उतरलेलं तेल गेलं कुठं?"

म्हटले, "गुरुजी, जमेच्या बाजूला आहे. फक्त खातं आपलं नाही."

त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "मग खातेउतारा मागा की. खातेदाराचा हक्क हाय तो." वीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना खातेउतारे देतो आहे. हे वाक्य मला आधी सुचायला हवे होते.